हेलन केलर : जिद्दीची गोष्ट की हक्काची?

हेलन केलर हे नाव शाळेच्या पुस्तकात वाचले नाही असा शिकलेला माणूस विरळा. आंधळी आणि बहिरी मुलगी, एका हातावर पंपाचे पाणी, दुसऱ्या तळहातावर शिक्षिकेने बोटांनी उमटवलेला पाणी हा शब्द, आणि एका क्षणात उघडलेले ज्ञानाचे दार. पुस्तकातली गोष्ट इथेच संपते. तो दिवस होता ५ एप्रिल १८८७. त्यानंतर ही बाई ८१ वर्षे जगली. त्या ८१ वर्षांबद्दल बोलायला कोणी तयार नसते.

गोष्ट अर्धीच सांगितली जाते याला कारण आहे. अपंगांच्या भत्त्याला कात्री लावायची वेळ आली की सरकार कोणत्याही देशाचे असो, त्याच्या पाठीराख्यांना जिद्दीच्या गोष्टी हटकून आठवतात. डोळे नसताना कोणी पर्वत चढला, हात नसताना कोणी चित्र काढले, मग तुम्हालाच दरमहा पैसे कशाला हवेत, असा हा हिशेब असतो. २०२५ साली हा हिशेब दोन श्रीमंत देशांत मांडला गेला. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्याच सरकारने मार्च महिन्यात अपंगांच्या भत्त्याचे निकष कडक करण्याचा प्रस्ताव आणला आणि वर्षाला सुमारे पाच अब्ज पौंड वाचतील असे सांगितले. अडीच लाख माणसे गरिबीत लोटली जातील, हा अंदाज विरोधकांचा नव्हता, सरकारच्याच कागदात तो होता. शंभराहून अधिक सत्ताधारी खासदार उलटले तेव्हा जुलैमध्ये त्यातला मोठा भाग मागे घ्यावा लागला. नव्याने अर्ज करणाऱ्या आजारी माणसांच्या रकमेवरची कपात मात्र राहिलीच. अमेरिकेत, म्हणजे हेलन केलर यांच्याच देशात, ४ जुलै २०२५ रोजी ज्या कायद्यावर सही झाली त्याने मेडिकेड या गरीब आणि अपंगांच्या सरकारी आरोग्य योजनेतून दहा वर्षांत नऊशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी होणार आहे.

अशा वेळी हेलन केलर यांचे आयुष्य पुन्हा वाचले पाहिजे, आणि या वेळी पंपापाशी न थांबता वाचले पाहिजे असे आम्हाला वाटते.

जाता जाता एक खुलासा. आम्ही या लेखात अपंग हाच शब्द वापरत आहोत. २०१५ नंतर दिव्यांग हा शब्द सरकारी दफ्तरात आला. केंद्राच्या अपंग पेन्शनमधला हिस्सा २०१२ साली महिना ३०० रुपये ठरला होता, तो शब्द बदलल्यावरही ३०० रुपयेच राहिला. अंगात दिव्यत्व पाहणाऱ्यांना हातात पैसा ठेवावासा वाटला नाही, एवढेच आमचे म्हणणे.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० चा, अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया या गावचा. वडील आर्थर केलर हे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेत कॅप्टन होते, पुढे एका स्थानिक वर्तमानपत्राचे संपादक झाले. घर पूर्वीच्या गुलाम-मालकांचे. १९ महिन्यांची असताना मुलीला मोठा ताप आला आणि तो तिची दृष्टी आणि श्रवण घेऊन गेला. त्यानंतरची पाच वर्षे तिला भाषा नव्हती असे चरित्रकार लिहितात. ते पुरते खरे नाही. घरच्या स्वयंपाकीणबाईची मुलगी मार्था वॉशिंग्टन, काळी, वयाने हेलनपेक्षा थोडी मोठी, हेलनच्या खुणा ओळखायची. दोघी मिळून कोंबड्यांच्या मागे धावायच्या, कणीक मळायच्या, आणि हुकूम अर्थातच मालकाच्या मुलीचा चालायचा. हेलन केलर यांचे म्हणणे जगात सर्वात आधी ज्यांना कळले त्यांत ही काळी पोर होती. तिच्यासाठी बोस्टनहून शिक्षिका येण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे पुढे काय झाले याची नोंद ठेवावी असे कोणाला वाटले नाही. आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही.

शिक्षिका आल्या त्या अ‍ॅन सलिव्हन. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी केलर कुटुंबाला बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेची वाट दाखवली, आणि त्या शाळेने आपली २० वर्षांची माजी विद्यार्थिनी महिना २५ डॉलर पगारावर पाठवली. या अ‍ॅनबाईंचे बालपण नीट पाहिल्याशिवाय हेलन यांचे पुढचे राजकारण समजत नाही, म्हणून तिथे थोडे थांबू.

अ‍ॅन ही आयर्लंडमधून पोटासाठी आलेल्या शेतमजुराची मुलगी. लहानपणी खुपऱ्या झाल्या आणि उपचाराअभावी डोळे गेल्यात जमा झाले. आई क्षयाने गेली. बाप दारूडा, तो मुलांना टाकून निघून गेला. नातेवाइकांनी हात वर केले. फेब्रुवारी १८७६ मध्ये नऊ वर्षांची अ‍ॅन आणि तिचा पाय अधू असलेला धाकटा भाऊ जिमी यांना मॅसॅच्युसेट्स राज्याच्या टुक्सबरी येथील निराधारगृहात पोहोचवण्यात आले. निराधारगृह म्हणजे म्हातारे, वेडे, रोगी, कुमारी माता, अंध मुले, ज्यांचे जगात कोणी नाही अशा सगळ्यांना एका छपराखाली कोंडण्याची जागा. उंदीर होते, घाण होती, औषध नव्हते. दोघे भाऊबहीण सुरुवातीला जिथे झोपत, त्याच्या बाजूच्याच खोलीत मेलेल्यांची प्रेते ठेवत. काही महिन्यांत जिमी त्याच खोलीत गेला. १८८३ साली या निराधारगृहाची चौकशी झाली, तेव्हा तिथले मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना विकले गेल्याचे आरोप जाहीरपणे झाले.

भत्ता नसलेल्या समाजात अपंग माणसाचे काय होते याचे उत्तर टुक्सबरीने दिले आहे. कुटुंब सांभाळते असे आज कपातवाले सांगतात. कुटुंबाजवळ असेल तर ते सांभाळते. अ‍ॅनच्या कुटुंबाजवळ काही नव्हते.

अ‍ॅन तिथून सुटली ती स्वतःच्या तोंडाने. १८८० साली पाहणीसाठी आलेल्या राज्याच्या अधिकाऱ्यांच्या घोळक्यात शिरून तिने आपल्याला शाळेत जायचे आहे असे ओरडून सांगितले. सरकारी खर्चाने ती पर्किन्समध्ये गेली, १४ व्या वर्षी मुळाक्षरे गिरवू लागली, काही शस्त्रक्रियांनंतर थोडे दिसू लागले, आणि १८८६ साली वर्गात पहिली आली. त्या जगप्रसिद्ध पंपावर हेलनच्या हातावर जी बोटे फिरली ती निराधारगृहातून आलेली बोटे होती. राज्याने एका अंध, निराधार मुलीच्या शाळेचा खर्च केला नसता तर ती बोटे तिथे पोहोचलीच नसती, आणि हेलन केलर हे नाव आज कोणाला ठाऊक नसते. जिद्द तर जिमीचीही असेल.

पुढचे शिक्षण सर्वांना ठाऊक आहे तेव्हा भराभर सांगतो. ब्रेल, बोटांची मुळाक्षरे, बोलणाऱ्याच्या ओठांवर बोटे ठेवून शब्द ओळखणे, मग रॅडक्लिफ कॉलेज. १९०४ साली पदवी. अंध आणि बहिऱ्या व्यक्तीने मिळवलेली ही पहिली पदवी. पण या काळात पैसा कुठून येत होता? वडील कर्जात बुडाले, अ‍ॅनबाईंचा पगार थकला, १८९६ मध्ये वडील वारले. कॉलेजचा खर्च स्टँडर्ड ऑइल कंपनीतले बडे भांडवलदार हेन्री रॉजर्स यांनी दिला, कारण मार्क ट्वेन या लेखकाने त्यांच्याकडे शब्द टाकला होता. वर्गात अ‍ॅनबाई शेजारी बसून प्राध्यापकाचे प्रत्येक वाक्य हातावर लिहीत. ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकेही त्या आपल्या अधू डोळ्यांनी वाचून हातावर उतरवीत. म्हणजे या जिद्दीला एका पूर्णवेळ मदतनीस बाईची, शुल्काची, खास पुस्तकांची आणि श्रीमंत ओळखींची जोड होती. हेलन यांचे श्रेय यामुळे तीळभर कमी होत नाही. ज्यांच्या ओळखीत मार्क ट्वेन नव्हता त्यांचे काय, एवढाच आमचा सवाल आहे, आणि तोच सवाल हेलन यांनी स्वतः विचारला.

१९०६ साली त्यांची मॅसॅच्युसेट्सच्या अंधविषयक आयोगावर नेमणूक झाली. तिथे त्यांनी अंधत्वाची कारणे तपासली आणि त्यांच्या लक्षात आले की अंधत्व देवाच्या इच्छेने सर्वांना सारखे वाटले जात नाही. कारखान्यातल्या उघड्या यंत्रांनी डोळे जातात, कोंदट चाळींनी आणि उपासमारीने जातात. नवजात बाळांचे डोळे आईबापाच्या गुप्तरोगाच्या संसर्गाने जातात, आणि जन्मताच सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब घातला तर वाचतात. १९०७ साली बायकांच्या एका मोठ्या मासिकात त्यांनी हा विषय उघडपणे लिहिला. घरंदाज अविवाहित स्त्रीने गुप्तरोगावर लिहावे ही त्या काळी अब्रू जाण्याची गोष्ट होती. १९०९ मध्ये त्या समाजवादी पक्षात गेल्या. १९१२ च्या लॉरेन्स येथील गिरणी कामगारांच्या संपानंतर त्या आयडब्ल्यूडब्ल्यू या लढाऊ कामगार संघटनेच्या बाजूला गेल्या. अपंगत्वाचा प्रश्न हा मजुरी, घर आणि आरोग्याचा प्रश्न आहे, इतके साधे आणि इतके बोचणारे त्यांचे मत झाले होते.

आणि मग तीच वर्तमानपत्रे बिथरली. कालपर्यंत ही मुलगी बुद्धीचा चमत्कार होती. समाजवादी झाल्यावर ब्रुकलिनच्या एका संपादकाने लिहिले की तिच्या चुका तिच्या शारीरिक मर्यादेतून येतात, तिला जग दिसतच नाही तर कळणार काय. हेलन यांनी त्याला चोख उत्तर दिले: पूर्वी भेटले तेव्हा याच गृहस्थांनी आपली स्तुती केली होती याची आठवण करून दिली, आणि सामाजिक आंधळेपण हे डोळ्यांच्या आंधळेपणाहून वाईट कसे असते ते दाखवले. आम्हाला यात आपल्याकडचाच अनुभव दिसतो. पुढे आलेल्या माणसाने कृतज्ञ राहावे, कौतुकाचे हार घालून घ्यावेत, प्रस्थापितांना बरे वाटेल असे दोन शब्द बोलून खाली बसावे. त्याने व्यवस्थेवर बोट ठेवले की त्याचे अपंगत्व, त्याची जात, त्याची पायरी त्याला लगेच दाखवली जाते.

१९१६ मध्ये याहून मोठे वादळ उठले. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला हेलन यांनी १०० डॉलर आणि सोबत एक पत्र पाठवले. आपल्या दक्षिणेत काळ्यांवर होणाऱ्या अन्यायाची आपल्याला लाज वाटते असा त्या पत्राचा आशय होता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांनी ते आपल्या क्रायसिस मासिकात छापले, आणि अलाबामात एकच गहजब झाला. सेल्मा गावच्या वर्तमानपत्राने झोड उठवली, घरच्यांची मान खाली गेली. हे मासिक निघत होते न्यूयॉर्कमधून, आणि त्याच वसंत ऋतूत त्याच न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठातले २५ वर्षांचे विद्यार्थी भीमराव आंबेडकर भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचत होते. याच डुबॉय यांना बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली पत्र लिहिले, हे चळवळीच्या वाचकांना ठाऊक आहेच.

आता जे लिहायचे ते लिहिताना बरे वाटत नाही, पण लपवून ठेवणे हे भक्तांचे काम, आमचे नव्हे. नोव्हेंबर १९१५ मध्ये शिकागोच्या एका डॉक्टरने शारीरिक व्यंग असलेल्या नवजात बाळावर शस्त्रक्रिया करण्याचे नाकारले आणि बाळ मरू दिले. देशभर वाद पेटला. हेलन केलर यांनी डॉक्टरची बाजू घेतली. अशा बाळांना जगू द्यायचे की नाही हे डॉक्टरांच्या पंचमंडळाने ठरवावे असे त्यांनी न्यू रिपब्लिक या नियतकालिकात लिहिले. सुप्रजननाच्या नावाखाली माणसांची वर्गवारी करण्याची ती लाट होती आणि पुरोगामी म्हणवणारे अनेक जण तिच्यात वाहत गेले; हेलनही गेल्या. ज्या बाईने आयुष्यभर अपंगांसाठी झगडायचे ठरवले होते तिनेच, ज्याच्याकडून काही उपयोग होणार नाही त्याने जगावे कशाला, हा प्रश्न मान्य केला. १९३८ साली शिकागोच्याच एका तान्ह्या मुलीच्या डोळ्यांत गाठी झाल्या, तेव्हा डोळे काढून जीव वाचवावा या बाजूने त्या उभ्या राहिल्या. पण आधीचे लेखन पुसले गेले नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीत नाझींनी अपंगांना ठार मारण्याची मोहीम सुरू केली. त्यांच्या शाळेच्या पुस्तकांत एका मनोरुग्णाच्या पोसण्यावर राष्ट्राचा किती खर्च होतो अशी गणिते मुलांना घातली जात होती. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत केवळ गॅसच्या खोल्यांत, त्यांच्याच हिशेबाप्रमाणे, ७० हजारांवर अपंग आणि मनोरुग्ण मारले गेले. भत्त्यातली कपात आणि हे हत्याकांड एकच आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु माणसाचा जमाखर्च मांडून तो परवडतो की नाही हे बघायची सवय जिथे लागते, तिथे कायद्याने राखलेला हक्क हीच एक आडकाठी उरते, असे वकिलीच्या अनुभवाने आम्हाला वाटते.

हेलन यांचे स्वतःचे पोट कसे चालले, हा भाग चरित्रांत दोन ओळींत उरकला जातो. आमच्या मते साऱ्या आयुष्याचे सार तिथे आहे. व्याख्याने आणि पुस्तके यांवर तीन माणसांचे घर चालत नव्हते. १९१० साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी वार्षिक पेन्शन देऊ केले. समाजवादी हेलन यांनी ते नाकारले. कार्नेगी हसले, आणि समाजवाद सोडला नाहीस तर मांडीवर पालथी घालून फटके देईन अशी गंमतही त्यांनी पुढे केली म्हणतात. तिशी ओलांडलेल्या दुसऱ्या कोणत्या लेखकाशी कोणी अशी गंमत केली असती काय? १९१३ मध्ये व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना अ‍ॅनबाई एकाएकी आजारी पडल्या. परक्या गावातल्या हॉटेलात दोघीच होत्या. हेलन यांना टेलिफोन करता येत नव्हता, दारातून हाक मारता येत नव्हती. त्या रात्रीनंतर त्यांनी कार्नेगींना पत्र लिहिले आणि पेन्शन स्वीकारले. पोलाद कामगारांच्या घामातून उभ्या राहिलेल्या संपत्तीतला हा तुकडा हाती घेताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना सावकाराच्या ओट्यावर उभे राहिलेल्या घरातले लोक करू शकतात.

तेवढ्यानेही भागले नाही. १९२० पासून सुमारे चार वर्षे हेलन आणि अ‍ॅनबाई तमाशासारख्या करमणुकीच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. कसरतपटू, विनोदी नट, शिकवलेली जनावरे यांच्या मध्ये वीस मिनिटे हेलन केलर, आणि शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न. अनेकांना यात अप्रतिष्ठा दिसली. आम्हाला दिसत नाही. कमावलेला पैसा होता तो, आणि हेलन यांना गर्दीचा श्वास, टाळ्यांची जमिनीतून येणारी थरथर आवडायची. अ‍ॅनबाईंच्या डोळ्यांना मात्र दिव्यांचा झगझगाट सोसेना.

१९२४ पासून त्या अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी काम करू लागल्या. गावोगाव सभा, वीस लाख डॉलरच्या निधीची मोहीम, श्रीमंतांच्या बैठकी. आणि इथे एक बदल होतो. ज्या बाईने संपांवर, युद्धाविरुद्ध, भांडवलशाहीवर लिहिले, तिचे जाहीर बोलणे हळूहळू अंधांच्या कल्याणापुरते राहते. मते बदलली नव्हती. १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी ज्या पुस्तकांची होळी केली त्यांत हेलन यांचेही लेखन होते. पण देणगीदार नाराज होतील ही चिंता होती. डाव्या लोकांशी असलेल्या त्यांच्या संबंधांमुळे निधीवर परिणाम होईल, अशी पत्रे संस्थेच्या चालकांनी आपापसात लिहिली आहेत. एफबीआयने त्यांच्या नावाची फाईल ठेवली होती. धर्मादाय पैशाची किंमत ही असते. तो पोट भरतो आणि तोंड बांधतो. कायद्याने मिळालेला भत्ता कोणाचे उपकार नसतो, म्हणून तो घेणारा माणूस देणाऱ्या सरकारच्या विरोधात मोर्चात चालू शकतो.

हे हेलन यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळले असणार? म्हणूनच त्या कायद्याच्या मागे लागल्या. १९३० मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. पुढच्या वर्षी अंधांच्या पुस्तकांसाठी केंद्र सरकारने दरवर्षी एक लाख डॉलर देण्याचा कायदा झाला. मग आली महामंदी. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या मूळ मसुद्यात अंधांसाठी काहीच नव्हते. अंधांच्या संस्थांनी आणि हेलन यांनी रेटा लावला, आणि सिनेटमध्ये दहावे प्रकरण घालण्यात आले. गरजू अंधांना राज्य जी रक्कम देईल तिच्यातला निम्मा वाटा केंद्राचा, महिना तीस डॉलरच्या मर्यादेपर्यंत. १४ ऑगस्ट १९३५ रोजी रूझवेल्ट यांनी सही केली. रक्कम मोठी नव्हती. पण टुक्सबरीला पर्याय म्हणून घरी राहणाऱ्या अंध माणसाच्या हातात रोख पैसे देण्यास केंद्र सरकार कायद्याने बांधले गेले. अ‍ॅनबाई हे पाहून, पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर १९३६ रोजी वारल्या. तोवर त्यांचीही दृष्टी पूर्ण गेली होती.

कायद्याला भोके होती आणि आमच्यासारख्यांनी ती पाहिली पाहिजेत. त्याच कायद्यातल्या वृद्धापकाळच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या. काळ्या कामगारांपैकी फार मोठा भाग याच दोन कामांत होता. अंधांच्या भत्त्याची रक्कम ठरवणे राज्यांच्या हाती होते, आणि दक्षिणेतली राज्ये कोणाच्या हातात होती हे सांगायला नको. शिवाय १९३९ नंतर भत्ता घेणाऱ्याने चार पैसे कमावले तर ते भत्त्यातून वजा होत. म्हणजे उठून उभे राहायचा प्रयत्न केला की काठी काढून घ्यायची. पहिले पन्नास डॉलर तरी वजा करू नयेत हे मान्य व्हायला १९५० साल उजाडले.

ऑक्टोबर १९४४ मध्ये हेलन पुन्हा काँग्रेसच्या समितीपुढे गेल्या. आता वय ६४. त्यांनी भत्ता वाढवण्याची मागणी केली आणि दोन गटांकडे मुद्दाम लक्ष वेधले, ज्यांची स्थिती सर्वात वाईट होती: एक, अंध आणि बहिरे असे दोन्ही असलेले लोक, दुसरे, काळे अंध. काळ्या अंध मुलांच्या मोडक्या शाळा आपण देशभर फिरून पाहिल्या आहेत असे त्यांनी समितीला सांगितले. अंध असण्याला काळे असण्याची जोड मिळाली की काय होते हे अलाबामाच्या गुलाम-मालक घराण्यातल्या मुलीने संसदेत सांगितले, ते अशा काळात जेव्हा काळ्या सैनिकांना गोऱ्यांच्या पंगतीत जेवता येत नव्हते. पंपाच्या गोष्टीपेक्षा ही साक्ष आम्हाला मोठी वाटते. ती कोणत्याही शालेय पुस्तकात नाही.

त्या वयातही त्या थांबल्या नाहीत. १९४८ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीला गेल्या, १९५१ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आशियाचा चाळीस हजार मैलांचा दौरा करताना त्या भारतातही आल्या, मुंबईत थांबल्या, दिल्लीत नेहरूंना भेटल्या. त्या आल्या तेव्हा आपले संविधान लागू होऊन पाच वर्षे झाली होती. त्याच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी लोकसाहाय्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे, राज्याच्या ऐपतीच्या मर्यादेत आहे, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, हे सगळे मान्य. पण शब्द हक्क असा आहे. १९७७ साली मुंबईत अंध-बहिऱ्या मुलांसाठी संस्था निघाली तिला हेलन केलर यांचे नाव देण्यात आले.

१९६१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि सार्वजनिक आयुष्य संपले. १ जून १९६८ रोजी, कनेटिकटमधल्या आपल्या घरी, ८७ व्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जेकबस टेनब्रोक वारले होते. हे अंध प्राध्यापक घटनातज्ज्ञ होते; १९४० साली त्यांनी अंधांची स्वतःची, अंधांनीच चालवलेली राष्ट्रीय संघटना उभी केली, आणि १९६६ मध्ये जगात वावरण्याच्या हक्कावर त्यांनी लिहिलेला कायदेविषयक निबंध आजही वाचावा असा आहे. दानाच्या भाषेतून हक्काच्या भाषेकडे जाण्याचा हेलन यांनी अर्धा चाललेला रस्ता टेनब्रोक यांच्यासारख्यांनी पुढे नेला. १९७७ मध्ये अपंगांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारत तीन आठवड्यांहून जास्त काळ ताब्यात ठेवली तेव्हा त्यांना जेवण पोहोचवत होते ब्लॅक पँथर, ज्यांच्यावरून आपल्या दलित पँथरने नाव घेतले.

हेलन ज्या भत्त्यासाठी झगडल्या तो १९७४ पासून वृद्ध आणि इतर अपंगांच्या भत्त्यासोबत एकाच केंद्रीय योजनेत आला. त्या योजनेत एकट्या माणसाजवळ दोन हजार डॉलरहून अधिक शिल्लक असता कामा नये, अशी अट आहे; हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. रेगन यांच्या काळात, १९८१ नंतर, फेरतपासणीच्या नावाखाली सुमारे पाच लाख अपंगांची नावे भत्त्याच्या याद्यांवरून उडवली गेली. लोक कोर्टात गेले, अनेक राज्यांनी केंद्राचे ऐकण्यास नकार दिला, आणि १९८४ मध्ये काँग्रेसला नवा कायदा करून ही मोहीम रोखावी लागली. तोवर ज्यांचे पेन्शन बंद झाले त्यांच्यापैकी काहींना निकाल पाहायला मिळाला नाही.

२०२५ च्या कायद्यात अपंगांना थेट वगळलेले नाही, उलट कामाच्या सक्तीतून त्यांना सूट आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. कायद्याचा कागद उघडून पाहू. २०२७ च्या आरंभापासून मेडिकेड घेणाऱ्या अनेक प्रौढांना आपण काम करतो हे दाखवावे लागेल. सूट हवी असेल तर आपण आजारी वा अपंग आहोत हे सिद्ध करावे लागेल. दाखल्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहिलेल्या आमच्या पक्षकारांना सिद्ध करणे म्हणजे काय असते ते माहीत आहे. २०२८ पासून राज्ये मेडिकेडचा आपला वाटा ज्या करातून उभा करतात त्यावर टप्प्याटप्प्याने मर्यादा येणार आहे. पैसा कमी पडला की राज्ये काय कापतील? मेडिकेडच्या कायद्यात अपंग माणसाला नर्सिंग होममध्ये ठेवण्याचा खर्च देणे राज्यावर बंधनकारक आहे. त्याच माणसाला त्याच्या घरी मदतनीस देणे, म्हणजे अंघोळ घालणारी, जेवू घालणारी, शेजारी बसून हातावर अक्षरे उमटवणारी बाई देणे, ही बहुतांशी ऐच्छिक सेवा आहे. तिला कात्री लावणे राज्याला तुलनेने सोपे जाते.